न लावलेल्या झाडांचा हिशेब : वरकस जमिनीवर रान परत आणणाऱ्या एका सेवेचा पाच वर्षांचा अनुभव

संगमेश्वर तालुक्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, वडिलांमागे आम्हा तिघा भावंडांकडे आलेली सहा एकर डोंगरी जमीन आहे. सातबाऱ्यावर ती वरकस म्हणून नोंदलेली आहे. आजोबांच्या हयातीत तेथे नाचणी आणि वरी पिकत असे; पुढे तिचे तुकडे एकेक करून पडीक होत गेले. २०१९ च्या ऑक्टोबरात या जमिनीवर मूळचे रान परत आणण्याचे काम आम्ही एका लहान सेवेकडे पाच वर्षांच्या कराराने सोपवले आणि तो करार २०२४ मध्ये पूर्ण झाला. सेवेचे नाव येथे देत नाही. अशी कामे करणारी मंडळी आता कोकणात आणखीही आहेत, आणि त्यांपैकी कोणालाही काम देण्यापूर्वी काय पाहावे व काय विचारावे हे वाचकांना कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वरकस शेती प्रत्यक्ष पाहिलेले लोक आता थोडे उरले आहेत, म्हणून आधी तिच्याविषयी सांगणे आवश्यक आहे. डोंगरउतारावरची झुडपे आणि फांद्या तोडून वाळवायच्या, उन्हाळ्यात जागेवरच जाळायच्या आणि पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत पेरा करायचा, अशी ही पद्धत. आमच्याकडे पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी आणि तिसऱ्या वर्षी हरीक किंवा कारळा असा क्रम असे. मातीचा कस उतरला की तो तुकडा सोडून पुढचा धरत आणि सोडलेल्या तुकड्याकडे आठ-दहा वर्षांनी पुन्हा वळत. थोड्याफार फरकाने हीच शेती सह्याद्रीच्या दक्षिण भागात कुमरी, रायगडात दळी आणि ईशान्येकडील डोंगरांत झूम या नावांनी ओळखली जाते. या सगळ्यात एक गोष्ट मला लहानपणी कधी जाणवली नव्हती आणि या सेवेमुळेच ती समजली : आमचे लोक झाड मुळासकट काढत नसत. हिरडा, बेहडा, रायवळ आंबा अशी मोठी झाडे राखली जात आणि बाकीची कंबरेच्या उंचीवर तोडली जात. नांगर त्या उतारावर चालतच नसे, त्यामुळे बुंधा आणि मुळे जमिनीत जिवंत राहत.

पहिल्या भेटीला दोघे आले होते. एक वनस्पतिशास्त्र शिकलेली तरुणी आणि तिच्याबरोबर शेजारच्या गावचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत आणि ज्यांना पानगळीतही केवळ सालीवरून झाड ओळखता येत होते. त्यांच्याकडे रोपे नव्हती, रोपांची यादीही नव्हती. पहिला अर्धा दिवस त्यांनी आम्हाला प्रश्न विचारण्यात घालवला. शेवटचे पीक कोणत्या तुकड्यात कोणत्या वर्षी घेतले, वणवा कोणत्या बाजूने येतो, कोणाची गुरे कोणत्या महिन्यात येतात, कवळ, म्हणजे शेतात जाळायच्या फांद्या, कोठून तोडले जात असे, असे ते प्रश्न होते. माझ्या थोरल्या बंधूंना यातील बरेचसे आठवत नव्हते. वाडीतील एका ऐंशी वर्षांच्या काकूंना मात्र प्रत्येक तुकड्याचे शेवटचे पीक आठवत होते, आणि सेवेच्या माणसांनी त्यांच्या ओटीवर बसून ते सगळे उतरवून घेतले. या एका गोष्टीसाठी मी या सेवेला पूर्ण गुण देते. पडीक तुकड्याचे वय ठाऊक असल्याशिवाय त्यावर काय करावे हे सांगणे शक्य नसते, आणि ते वय कोणत्याही कागदावर सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीचे तीन भाग पाडले. वरचा, पऱ्याच्या (डोंगरातल्या ओढ्याच्या) कडेचा भाग १९७५ च्या सुमारास सोडलेला होता. तेथे अंजनी, जांभूळ आणि पिसा डोक्यावर सावली धरून उभे होते, खाली पालापाचोळ्याचा जाड थर होता, आणि मधूनमधून चांदाडा व ऐसर यांची जुनी झाडे वाळून आडवी पडलेली होती. मला ते मरणे वाईट वाटले. अण्णांनी सांगितले की ही झाडे उघड्या जागेत सर्वांत आधी येतात, झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्याच सावलीत त्यांची पुढची पिढी उगवू शकत नाही. तोवर त्यांच्या आडोशाला अंजनी-जांभळाची रोपे वर आलेली असतात. मधल्या भागात १९९२ मध्ये वडिलांनी काजू लावला होता. राज्य सरकारने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू केल्यावर कोकणातील कितीतरी वरकस उतार आंबा-काजूखाली गेले, त्यांतलाच हा एक. आमचा काजू निम्मा मेला होता आणि उरलेल्या झाडांमध्ये भोमा, कुडा, आसाणा, करवंद आणि तोरणाच्या जाळ्या माजल्या होत्या. कडेने सर्वत्र रानमोडी हे बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे तण होते. तिसरा भाग रस्त्यालगतचा. तो दर उन्हाळ्यात जळत असल्यामुळे तेथे गवत, धायटी आणि कुंभ्याची चार वेडीवाकडी झाडे एवढेच दिसत होते. जाड सालीचा कुंभा आगीत टिकतो आणि धायटी बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून एखाद्या उतारावर हीच दोन झाडे उरलेली दिसली तर तो वारंवार जळतो असे समजावे, हे मी तेव्हा शिकले.

या तिसऱ्या भागाकडे पाहून आम्ही तो मेलेला धरला होता. अण्णांनी कोयत्याने गवत बाजूला केले आणि एकामागून एक बुंधे दाखवत गेले. ऐन, किंजळ, जांभूळ, पुन्हा ऐन. प्रत्येकाला गुडघ्याएवढे फुटवे होते आणि प्रत्येक फुटव्याच्या तळाशी मागच्या वर्षीच्या फुटव्याचे काळे खुंट होते. “ताई, रान इथेच आहे. दर पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत येतं आणि दर शिमग्याला जळतं,” असे ते म्हणाले.

त्यानंतर आलेला आराखडा वाचून माझे धाकटे बंधू चिडले, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. पहिली तीन वर्षे एकही रोप लावू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. दर वर्षी थंडीत जमिनीच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायची, रानमोडी फुलावर येण्यापूर्वी फुटव्यांभोवतीची तेवढी कापायची, कोणत्या बुंध्याचे किती फुटवे ठेवायचे हे ठरवून बाकीचे छाटायचे, ठरलेल्या बारा जागांवरून छायाचित्रे घ्यायची आणि ऑक्टोबर व फेब्रुवारी अशा दोन भेटींत मोजणी करायची. झाडे लावायची नसतील तर पैसे कशाचे, हा बंधूंचा प्रश्न होता. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी मियावाकी पद्धतीचा प्रस्ताव घेऊन आला होता. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही पद्धत शहरातील मोकळ्या, मेलेल्या जमिनीवर आपले काम करते. परंतु तीत दर चौरस मीटरला तीन ते पाच रोपे दाट लावायची असतात. आमच्या सहा एकरांचा हिशेब केला तर किमान सत्तर हजार रोपे होतात. ती लावण्यासाठी उताराची माती उकरावी लागली असती, आणि जिवंत मुळे जमिनीत असताना माती उकरणे म्हणजे पेटीतले दागिने विकून नकली घेण्यासारखे झाले असते. आम्ही तो प्रस्ताव नाकारला, याचे मला आजही समाधान आहे.

आता पाच वर्षांत काय झाले ते सांगते. तिसऱ्या भागातील ज्या पट्ट्याला आग लागली नाही, तेथे ऐन आणि किंजळ यांचे फुटवे आज माझ्या दुप्पट उंचीचे आहेत. रोपापासून वाढणाऱ्या झाडाला इतके उंच व्हायला कितीतरी अधिक काळ लागला असता. फुटव्याच्या पाठीशी जुन्या मुळांचा साठा असतो, म्हणून त्याची धाव वेगळी असते. गवत सावलीने विरळ झाले आणि त्या विरळ जागेत कोणीही न लावलेली चांदाड्याची व घोळाची रोपे उगवली. बुलबुल फांदीवर बसतात आणि खाल्लेल्या फळांच्या बिया तेथेच टाकतात, हे पुस्तकात वाचलेले वाक्य मी माझ्या जमिनीवर घडताना पाहिले. मधल्या भागात रानमोडीने अजून हार मानलेली नाही, पण जेथे भोमा आणि आसाणा यांची पाने एकमेकांना भिडली आहेत, तेथे ती लांब, पिवळट आणि दुबळी झाली आहे. वरच्या भागात त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही, आणि तेच करायला हवे होते.

सेवेच्या माणसांनी आम्हाला वेळेची वास्तव कल्पना दिली, ही आणखी एक जमेची बाजू. अमेरिका खंडातील आणि पश्चिम आफ्रिकेतील उष्ण कटिबंधीय प्रदेशांत ७७ ठिकाणी शेती वा कुरण सोडल्यानंतर परत येणाऱ्या रानांचा एकत्रित अभ्यास २०२१ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्याचे निष्कर्ष त्यांनी आम्हाला मराठीत समजावून सांगितले. मातीची सुपीकता दहा वर्षांच्या आत सावरते, रानाची उंची-घनता आणि प्रजातींची संख्या सावरायला २५ ते ६० वर्षे लागतात, परंतु एकूण जैवभार (झाडाझुडपांचे एकूण वजन) आणि मूळच्या प्रजातींचे मूळचे प्रमाण परत यायला १२० वर्षांहून अधिक काळ जातो. हे आकडे सह्याद्रीचे नाहीत, आणि चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस व उरलेले आठ महिने कोरडे अशा आमच्या उतारांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. मला मात्र त्या आकड्यांतून एक गोष्ट कळली : आमचा वरचा भाग, जो मला पूर्ण रान वाटत होता, तो अजून अर्ध्या वाटेवरही नाही. तेथे दाट सावली आहे, पण बेहडा दोनच आहेत, आणि सुरंगी किंवा काळा धूप एकही नाही. मोठ्या बियांची झाडे बुलबुलाच्या चोचीत मावत नाहीत. त्यांना धनेश लागतो, ज्याला आमच्याकडे गरुड म्हणतात, आणि गरुडाला घरट्यासाठी बेहड्यासारखे ढोली असलेले जुने झाड लागते. पऱ्यापलीकडे गावाची देवराई आहे आणि तेथे ही झाडे आहेत, म्हणून आम्हाला आशा धरता येते. ज्यांच्या जमिनीजवळ देवराई उरलेली नाही, त्यांनी सेवेकडून मोठ्या बियांच्या प्रजातींविषयी वेगळे उत्तर मागावे. आमच्याकडे चौथ्या वर्षी त्यांनी देवराईतील बियांपासून वाढवलेली साठ रोपे मधल्या भागात लावली. पाच वर्षांत लावलेली रोपे एवढीच.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

दुसऱ्या वर्षी जाळरेषा ठरल्यापेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा निघाली आणि रस्त्याच्या बाजूला ती जेमतेम दोन मीटर रुंद ठेवली गेली. २०२१ च्या मार्चमध्ये रस्त्याकडून आलेला वणवा ती ओलांडून आत शिरला आणि तिसऱ्या भागातील अर्धा एकर जळला. दोन पावसाळ्यांची वाढ एका दुपारी गेली. आग लागल्याचे आम्हाला वाडीतून फोन आल्यामुळे कळले; सेवेकडून कळायला सहा दिवस लागले. जूनमध्ये बुंधे पुन्हा फुटले हे खरे, पण प्रत्येक आगीबरोबर मुळांतला साठा खर्च होतो आणि काही बुंधे त्या वर्षी फुटलेच नाहीत. ज्या सेवेचे मुख्य काम आग बाहेर ठेवणे हे आहे, तिच्याकडून ही चूक होणे मला आजही खटकते. त्यानंतर रेषा सहा मीटरची झाली आणि पौषातच काढली जाऊ लागली.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वणवा लागतो तो का, याचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता. आमच्या रस्त्यालगतचे गवत शेजारच्या दोन घरांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत, आणि जुने वाळलेले गवत जाळले की नवे कोवळे येते म्हणून ते जाळले जाते. आराखड्यात त्या माणसांचा उल्लेख फक्त अडथळा म्हणून होता. आगीनंतर वाडीतील त्या काकूंनीच मार्ग सुचवला : कार्तिकात गवत वाढले की त्या दोन घरांनी ते कापून न्यावे, पैसे घेऊ नयेत, आणि बदल्यात उन्हाळ्यात त्या बाजूची राखण करावी. २०२२ पासून तेथे आग लागलेली नाही. सेवेच्या पुढील आराखड्यांत आता ही तरतूद असते असे मला सांगण्यात आले. तिचे श्रेय कोणाला आहे हे येथे नोंदवून ठेवते.

तिसरी तक्रार कायद्याविषयी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडे आणि बहुतेक रान खाजगी मालकीचे आहे. १९७५ चा खाजगी वने संपादन अधिनियम, झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा १९६४ चा अधिनियम आणि वन कशाला म्हणावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेला आदेश, या सगळ्यांमुळे आपल्या जमिनीवर रान वाढू दिले तर पुढे तिचे काय होईल, ही भीती सामाईक खातेदारांच्या मनात असते. आमच्याही घरात ती होती. तिचे उत्तर देण्याची जबाबदारी सेवेने घेतली नाही. आम्हाला वेगळा वकील करावा लागला आणि त्याचा खर्च वेगळा आला. करार करण्यापूर्वी मालकाला वकिलाकडे जायला सांगणे, इतके तरी त्यांनी करायला हवे होते.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा दुःखाची आहे. त्यांच्या माहितीपत्रकात पहिलेच वाक्य असे होते की फिरत्या शेतीने सह्याद्रीचे डोंगर उजाड केले. हे म्हणणे नवे नाही. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन कुमरीच्या विरोधातच होते, आणि तेव्हापासून डोंगरावरचा शेतकरी हा रानाचा शत्रू ठरत आला आहे. पण माझ्या जमिनीवर उभे राहून पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी पिकलेला आणि मग सोडलेला वरचा भाग आज सर्वांत भरलेला आहे. ज्या मधल्या भागात काजूसाठी खड्डे खणले, खोडे उपटली आणि वर्षानुवर्षे तळ साफ ठेवला, तो सर्वांत मागे आहे. पडीक काळ आठ-दहा वर्षांवरून तीन-चार वर्षांवर आला की बुंधे थकतात, माती धुपते आणि धायटी-कुंभाच उरतो, हे मी नाकारत नाही. आजोबांच्या अखेरच्या वर्षांत आमच्याकडेही ते होऊ लागले होते. तरीही त्या कंबरेएवढ्या उंचीवर तोडलेल्या बुंध्यांमुळेच या सेवेला आज विकण्यासारखे काही आहे, आणि ते बुंधे राखणाऱ्या माणसांना पहिल्याच वाक्यात दोषी ठरवणे मला सहन झाले नाही. मी तसे पत्र लिहिले. त्यांनी उत्तर दिले आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकातून ते वाक्य गेले. अण्णा मला नंतर म्हणाले की ते स्वतःही दळी करत आले होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

खर्चाविषयी बरेच जण विचारतात. पहिल्या पाहणीचे २२,००० रुपये आणि नंतर दर वर्षी ३५,००० रुपये, म्हणजे पाच वर्षांत १,९७,००० रुपये झाले. यातील मोठा वाटा जाळरेषा आणि रानमोडी काढणाऱ्या मजुरांच्या मजुरीचा होता, आणि ती मजुरी वाडीतच राहिली. वार्षिक अहवाल दोनदा उशिरा आले, पण त्यांतील बारा जागांची छायाचित्रे एकाखाली एक लावून पाहिली की पैसे कोठे गेले हे दिसते. धाकट्या बंधूंनी ती छायाचित्रे आपल्या मुंबईच्या घरात भिंतीवर लावली आहेत, आणि आता गावी आले की ते सर्वांत आधी तिसऱ्या भागात जातात.

करार आम्ही आणखी तीन वर्षांसाठी वाढवला आहे. या वेळी त्यात आम्ही तीन अटी घातल्या : जाळरेषा पौष संपण्यापूर्वी पूर्ण व्हावी आणि ती किती रुंद आहे हे मोजून लिहावे, आग लागल्यास त्याच दिवशी मालकाला कळवावे, आणि गवत नेणाऱ्या दोन्ही घरांच्या संमतीशिवाय आराखड्यात बदल करू नये. अण्णांचे वय आता झाले आहे, म्हणून चौथी अट मी तोंडी घातली आणि त्यांनी ती मान्य केली. पुढील ऑक्टोबरच्या मोजणीला वाडीतील दोन मुली त्यांच्याबरोबर जातील आणि प्रत्येक बुंध्याचे नाव त्यांच्याकडून लिहून घेतील.